पशूंची खरूज आणि नव्या औषधांचा शोध

शेळी वा मेंढी खांबाला अंग घासू लागते, केस झडतात, कातडीवर खपल्या धरतात आणि चारा पुढ्यात असूनही जनावर खंगत जाते. खरूज या नावाने सर्वपरिचित असलेल्या या रोगाचे मूळ म्हणजे माइट हा आठ पायांचा सूक्ष्म परोपजीवी होय. गोचीड हा त्याचाच आकाराने मोठा आप्त. माणसाच्या खरजेमागे असा जीव असतो, हे बोनोमो व चेस्टोनी या इटालियन अभ्यासकांनी १६८७ मध्ये दाखवून दिले.

जुन्या औषधांचा धडा

गंधक आणि सोमलयुक्त द्रावणे ही पूर्वीची साधने. दुसऱ्या महायुद्धानंतर बी.एच.सी. आले. ब्रिटनमध्ये मेंढ्यांना औषधी द्रावणात सक्तीने बुचकळण्यात येई. १९५२ मध्ये तेथून मेंढ्यांच्या खरजेचे उच्चाटन झाले. परंतु १९७३ मध्ये रोग पुन्हा शिरला आणि १९९२ मध्ये सक्ती उठल्यावर सर्वत्र फैलावला. इकडे बी.एच.सी.चा अंश चरबीत व मातीत दीर्घकाळ टिकतो असे आढळले. त्यातील लिंडेन हा घटक २००९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या निर्बंधयादीत गेला. माइट मारणे एकवेळ सोपे. जनावर, दूध व माती निर्धोक राखून तो मारणे, हीच संशोधकांपुढील खरी कसोटी आहे.

मातीतून लाभलेले औषध

जपानमधील कावाना येथील मातीतून सातोशी ओमुरा यांनी एक सूक्ष्मजीव वेगळा केला. अमेरिकेत विल्यम कँपबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातील परोपजीवीनाशक द्रव्य पारखले. त्यात अल्पसा रासायनिक बदल करून आयव्हरमेक्टिन सिद्ध झाले व १९८१ मध्ये पशुवैद्यकात आले. माइटच्या मज्जातंतूंतील विशिष्ट क्लोराइड-द्वारे ते उघडी ठेवते. परिणामी त्यास पक्षाघात होतो. सस्तन प्राण्यांत ही द्वारे नसतात, म्हणून योग्य मात्रेत जनावर सुरक्षित राहते. या कार्यासाठी उभयतांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

औषध निकामी का होते?

वजन न पाहता कमी मात्रा दिली, वारंवार एकच औषध वापरले, की दुबळे माइट मरतात व चिवट उरतात. त्यांचीच प्रजा पुढे वाढते. आयव्हरमेक्टिनच्या गटातील मॉक्सिडेक्टिनला न जुमानणारे मेंढ्यांचे माइट २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये नोंदले गेले. शिवाय या औषधाचा अंश शेणातून बाहेर पडतो व शेण मातीत मिसळणाऱ्या भुंगेऱ्यांस अपायकारक ठरतो.

नवी संयुगे

म्हणूनच मज्जातंतूंवर वेगळ्या ठिकाणी आघात करणारी आयसॉक्झाझोलिन गटातील संयुगे शोधण्यात आली. त्यांपैकी फ्लुरालॅनर २०१४ मध्ये कुत्र्यांसाठी उपलब्ध झाले. कोंबड्यांवरील लाल माइटसाठी ते पिण्याच्या पाण्यातून, सात दिवसांच्या अंतराने दोनदा देण्यास युरोपीय संघाने २०१७ मध्ये मान्यता दिली. त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये याच माइटसाठी कुक्कुटगृहांत फिप्रोनिल हे अनुमती नसलेले कीटकनाशक वापरल्याचे उघडकीस आले आणि लक्षावधी अंडी बाजारातून काढून घ्यावी लागली. एकच शत्रू, एक मार्ग परीक्षणाचा, दुसरा आडवाटेचा.

गावाचे कर्तव्य

नवे संयुग सिद्ध होण्यास अनेक वर्षे लागतात. ते निष्प्रभ करण्यास मात्र आपली बेपर्वाई पुरेशी असते. यास्तव औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच, वजनानुसार द्यावे. बहुतेक औषधांनी अंडी मरत नाहीत. म्हणून सांगितल्यास दुसरी मात्रा चुकवू नये. कळपातील सर्व जनावरांवर एकाच वेळी उपचार करून गोठा स्वच्छ करावा. नवे जनावर काही दिवस वेगळे बांधावे. औषधानंतर ठरावीक मुदतीपर्यंत दूध, मांस वा अंडी विकू नयेत. पंचायत सदस्यांनी उपचाराचा दिवस गावभर एकच ठरवावा आणि शिक्षकांनी मात्रा व मुदत यांचे महत्त्व विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी पोचवावे. प्रयोगशाळेतील परिश्रमांचे फळ अखेर गोठ्यातच टिकते किंवा वाया जाते.