मुलांची भीती : धाक नको, उपचार हवा

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीनंतर सहावीतला एक मुलगा आईबरोबर दवाखान्यात आला. तक्रार पोटदुखीची. शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखे, रविवारी नाही. तपासणीत दोष आढळला नाही. विचारपूस केल्यावर कळले की, शाळेच्या वाटेवर आंबा नदीचा पूल लागतो. तो दिसताच त्याला घाम फुटे, छाती धडधडे. त्याने स्वतः पूर पाहिला नव्हता. जुलै १९८९ मध्ये आंबेच्या महापुराने जांभूळपाडा, नागोठणे परिसरात केलेला हाहाकार त्याने आजीकडून वारंवार ऐकला होता.

नदीला पूर आला असता पुलावर जाण्याची भीती वाटणे हे शहाणपण आहे. परंतु पाणी ओसरल्यावरही ती टिकली, सहा महिने उलटूनही गेली नाही आणि शाळा, खेळ, झोप बिघडू लागली, तर तो ‘फोबिया’ समजावा. लहान मुलांना अंधाराची वाटणारी भीती बहुधा वयानुसार जाते. किशोरवयात चारचौघांत बोलण्याची, हसे होण्याची भीती बळावते. अशी मुले ‘लाजाळू’ म्हणून दुर्लक्षित राहतात.

ही भीती टिकते का? भीतीच्या वस्तूपासून पळाले की तत्काळ बरे वाटते. ‘पळालो म्हणून वाचलो’ असे मन शिकते आणि पुढच्या वेळी भीती अधिक वाढते. म्हणून उपचार उलट दिशेने करावा लागतो : थोडे थोडे सामोरे जाणे. अमेरिकेतील मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या बालकाची भीती अशीच घालवली. पीटर आवडीचा खाऊ खात असताना ससा हळूहळू जवळ आणला जाई.

आमच्या रुग्णासाठी आम्ही पायऱ्या ठरवल्या. प्रथम नदीचे चित्र पाहणे, मग लांबून पूल पाहणे, पुलाच्या तोंडाशी उभे राहणे, वडिलांचा हात धरून पलीकडे जाणे, शेवटी मित्राबरोबर जाणे. भीती बरीच उतरेपर्यंत त्याच पायरीवर थांबायचे, मगच पुढची. प्रत्येक पायरीला शाबासकी. दीड महिन्यात तो मित्रांबरोबर शाळेत जाऊ लागला. पोटदुखीही थांबली. मात्र हा सराव पाणी शांत असतानाच करावा.

पालकांनी मुलाची टिंगल करू नये, त्याला ओढत नेऊ नये, ‘भित्रा’ म्हणू नये. अंगारे-धुपाऱ्यात वेळ दवडू नये. दुकानातून झोपेच्या गोळ्या आणून मुळीच देऊ नयेत. सुई पाहून मूर्च्छा येणाऱ्या मुलाला आडवे झोपवूनच इंजेक्शन द्यावे, कारण त्याचा रक्तदाब एकाएकी उतरतो.

स्वतः पूर वा दरड अनुभवलेल्या मुलाला वाईट स्वप्ने पडत असतील, तो दचकत असेल, तर तो आजार वेगळा असू शकतो. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. शासनाच्या ‘टेली मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ असून सल्ला विनामूल्य मिळतो.

पालकहो, पूर्वी मीही ‘मोठा झाला की जाईल’ असे सांगत असे. काही मुलांची शाळा त्यात सुटली. तुम्ही मात्र वाट पाहू नका.