आधी माउंट, मग दुर्बीण

नाशिक,
भाद्रपद वद्य दशमी

चि. ईशान,


तुझी यादी वाचली. आठ इंची न्यूटोनियन दुर्बीण, गार करता येणारा अ‍ॅस्ट्रो कॅमेरा, तीन फिल्टर, आणि उरल्या पैशात बसेल ते माउंट. ही यादी उलटी कर. निम्मे पैसे माउंटसाठी बाजूला काढ, कॅमेरा आहे तोच वापर, आणि दुर्बीण या वर्षी घेऊच नकोस.

रागावू नकोस, हिशेब सांगते. पृथ्वी सेकंदाला १५ विकला फिरते, आणि माउंटने तेवढंच उलट फिरून तारा जागच्या जागी धरायचा असतो. आठ इंची दुर्बिणीचं नाभीय अंतर १००० मिमी. तुझ्या २४ मेगापिक्सेलच्या निकॉनवर तिचा एक पिक्सेल आकाशातली जेमतेम ०.८ विकला जागा बघतो. स्वस्त माउंटचा गिअर फिरता फिरता दहा-वीस विकला मागेपुढे सहज होतो. म्हणजे तारे डझनभर पिक्सेल ओढले जाणार आणि फोटोत तांदळाचे दाणे सांडल्यासारखे दिसणार. मग ती चूक सतत दुरुस्त करणारं गाइडिंग आलं, त्यासाठी दुसरी छोटी दुर्बीण, दुसरा कॅमेरा, लॅपटॉप, पीएचडी२ सॉफ्टवेअर. शिवाय त्या लांब नळकांड्याला माळावरचा वारा लागतो तो वेगळाच. तोच दोष १३५ मिमीच्या लेन्सवर बघ. तिथे एक पिक्सेल ६ विकलांचा, आणि गिअरची ती चूक काही मिनिटांत पसरलेली असते. मिनिटभराच्या फोटोत ती दिसतसुद्धा नाही.

म्हणून आत्ता एक स्टार ट्रॅकर घे, स्काय-वॉचरच्या स्टार अ‍ॅडव्हेंचररसारखा. तो ५ किलो पेलतो असं लिहिलेलं असतं, पण फोटोसाठी निम्म्या वजनावर थांबावं. ट्रायपॉड मात्र दणकट हवा, लग्नाचे फोटो काढणाऱ्यांचा हलका नको. पुढे मोठं माउंट घ्यावंसं वाटलं तर ईक्यू६-आर उत्तम आहे, पण त्याचं नुसतं डोकं १७ किलोचं, आणि तुझ्या बिल्डिंगची लिफ्ट मी पाहिलेली आहे. लेन्स विकत घेऊ नकोस. माझी सॅमयांगची १३५ मिमी कपाटात पडून आहे, ती ने. एफ/२ ला कोपऱ्यातले तारे पसरतात, एफ/२.८ वर ठेव. तुझ्या कॅमेऱ्यावर तिची चौकट साधारण १० अंश बाय साडेसहा अंशांची होते. मृगाचा पट्टा आणि खालची तलवार एका फोटोत मावते, आणि ३ अंशांची देवयानी दीर्घिका ऐसपैस बसते.

पोलर अलाइनमेंट, म्हणजे माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखणं, मात्र घरी शिकून घे. त्यावरचे बहुतेक व्हिडिओ युरोप-अमेरिकेतले. त्यांचा ध्रुवतारा अर्ध्या आकाशात, आपला पुण्यात क्षितिजापासून फक्त साडेअठरा अंशांवर. उत्तरेला एखादं आंब्याचं झाड किंवा कुणाचं फार्महाऊस असलं की तो गेलाच. नसलं तरी धुरकट असतो. तेव्हा जागा निवडताना सगळ्यात आधी उत्तर बघ. दुसरी अडचण अशी की माउंट इतकं खाली झुकवलं की काही माउंटचं काउंटरवेट ट्रायपॉडच्या पायाला आपटतं. ट्रॅकर आला की दिवसा गच्चीवर सगळं जोडून एकदा पूर्ण फिरवून बघ. ध्रुवतारा पोलर स्कोपच्या बरोब्बर मधोमध आणायचा नाही. खरा ध्रुव त्याच्यापासून चंद्रबिंबाच्या रुंदीहून थोडा जास्त लांब आहे, म्हणून वर्तुळावर त्या घटकेला जिथे तो असायला हवा तिथे आणायचा. ती जागा मोबाइलमधलं अ‍ॅप दाखवतं. लॅपटॉप नेणार असशील तर निना या मोफत सॉफ्टवेअरमध्ये थ्री पॉइंट पोलर अलाइनमेंटची सोय आहे. आकाशाचे तीन ठिकाणचे फोटो घेऊन ती चूक किती ते सांगते, ध्रुवतारा दिसला नाही तरी चालतं.

या त्रासाच्या बदल्यात आपल्याला दक्षिण मिळते, हे लक्षात ठेव. धनू राशीतला लगून तेजोमेघ पुण्यात ४७ अंश वर येतो, लंडनमध्ये १४. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा प्रचंड तारकागुच्छ तिथे उगवतच नाही. आपल्याकडे एप्रिलच्या मध्यरात्री तो दक्षिणेला २४ अंशांवर असतो.

आता अंधार. बाल्कनीतून जमेल का, असं तू विचारलंस. जमेल, पण किंमत ऐक. शहराचं आकाश चांगल्या खेड्यातल्या आकाशापेक्षा ३ प्रतींनी उजळ धरलं, तर तो उजेड सोळापट होतो. तेजोमेघाचा फिका भाग तेवढाच स्वच्छ यायला पुण्यात सोळा तास लागतील, जिथे गावाबाहेर एक तास पुरेल. फिल्टरने हे भरून निघत नाही. सोडियमच्या पिवळ्या दिव्यांच्या काळात ते बऱ्यापैकी चालायचे, एलईडीचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला असतो. ड्युअल नॅरोबँड फिल्टर हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या तेजोमेघांना उपयोगी आहे, पण देवयानी म्हणजे ताऱ्यांचाच प्रकाश, तिला तो मारून टाकतो. तेव्हा फिल्टरचे पैसे पेट्रोलला ठेव. आयुकाने आपली २ मीटरची दुर्बीण गिरवलीला नेऊन बसवली ती उगाच नाही. आणि कधी विदर्भात जाणं झालंच तर पेंच बघ. २०२४ मध्ये त्याला डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, देशातला पहिला.

कालनिर्णय जवळ ठेव. सर्वपित्रीला ढगांचा भरवसा नाही. पुढची अमावास्या लक्ष्मीपूजनाची, तेव्हा घरीच थांबायचं; एरवीही त्या रात्री फटाक्यांच्या धुरात काही दिसणार नाही. तुझी खरी सुरुवात कार्तिक अमावास्येला. संध्याकाळी देवयानी, मग कृत्तिका, मध्यरात्रीच्या सुमारास मृग. महाशिवरात्रही सोडू नकोस. चंद्र पहाटेपर्यंत नसतो आणि जागरणाला घरात कुणी हरकत घेत नाही.

अंधाऱ्या जागी गेल्यावर रॉ, आयएसओ ८०० किंवा १६००, आणि एक-एक मिनिटाचे भरपूर फोटो. हिस्टोग्रामचा उंचवटा डावीकडून पाव ते तिसऱ्या हिश्शात असला की पुरे. कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद कर, नाहीतर निम्मी रात्र तोच खातो. फोकस व्याधावर, लाइव्ह व्ह्यू पूर्ण मोठा करून. बाहतिनोव्ह मास्क लावला तर तिन्ही रेघा नेमक्या एका बिंदूत आल्या की झालं. मग फोकस रिंगला चिकटपट्टी लाव. रात्र गार पडली की पुन्हा तपास. हिवाळ्यात सह्याद्रीत दव इतकं पडतं की दोन तासांत लेन्स पांढरी होते आणि स्क्रीनवर कळत नाही, तारे नुसते फुगल्यासारखे वाटतात. पॉवर बँकेवर चालणारा हीटरचा पट्टा सुरुवातीलाच गुंडाळायचा. दव पडल्यावर पुसत बसलास तर फोकस हललाच म्हणून समज.

निघण्याआधी डार्क आणि फ्लॅट. डार्क म्हणजे झाकण लावून, तेवढ्याच वेळाचे, त्याच थंडीत. फ्लॅटसाठी लेन्सवर पांढरा टी-शर्ट सुरकुत्या न पाडता ताण आणि उजाडताना आकाशाकडे धर. फोकस तोच, कॅमेरा लेन्सवरून काढायचा नाही. फ्लॅट बहुतेक जण कंटाळून टाळतात. मग सेन्सरवरच्या धुळीची गोल वलयं आणि काळपट कोपरे घालवायला घरी रात्री जातात.

सॉफ्टवेअरवर सध्या एक रुपया खर्चू नकोस. सिरिल मोफत आहे, कॅलिब्रेशनपासून स्टॅकिंगपर्यंत सगळं त्याच्या स्क्रिप्टने होतं. फोटो एकावर एक रचल्याने खरा प्रकाश फोटोंच्या संख्येच्या पटीत वाढतो, नॉइज फक्त तिच्या वर्गमुळाइतका. म्हणून चारपट वेळ दिला की चित्र दुप्पट स्वच्छ. स्टॅक उघडल्यावर काळाकुट्ट पडदा दिसेल. घाबरू नकोस, डिस्प्ले ऑटोस्ट्रेचवर टाक, सगळं वर येईल. त्यानंतर ग्राएक्सपर्टने आकाशाचा चढता उजेड काढ, मग रंग, आणि सगळ्यात शेवटी स्ट्रेच. पिक्सइनसाइट चांगलंच आहे, पण ते शिकायला वेगळं वर्ष लागेल. एआयच्या डिनॉइजच्या बाबतीत मात्र हात आवर. नसलेले धागेदोरे ही साधनं आनंदाने काढून देतात, आणि एकदा सवय लागली की खरं काय टिपलं ते आपल्यालाच कळेनासं होतं.

तुझ्या मित्राच्या सीस्टारला नावं ठेवू नकोस. ५० मिमीचं ते यंत्र स्वतःच सगळं करतं आणि बरं करतं. फक्त त्यात शिकायला फारसं उरत नाही, आणि तुला शिकायचंय म्हणून तर तू मला विचारलंस. कॅमेऱ्यातला इन्फ्रारेड फिल्टर काढून घ्यायची घाईही नको. तो हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बराच अडवतो हे खरं, पण मृगातला तेजोमेघ तसाही गुलाबी येतो. त्याचा गाभा जळतो, म्हणून तिथे पाच-पाच सेकंदांचे वेगळे फोटो घेऊन ठेव.

एकटा जायचं नाही. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, १९४४ सालापासूनची. तिथे जाऊन बस, ओळखी कर, बरोबरचे लोक मिळतील. शेतमालकाला आणि गावच्या पोलीस पाटलाला आधी सांगायचं, नाहीतर रात्री लाल दिवे लावून बसलेल्या माणसांबद्दल गाव काय काय समजतं! पायात बूट. डोक्याला लाल टॉर्च.

लेन्स न्यायला दसऱ्याच्या आधी ये, तिची हूड सैल झाली आहे, ती इथेच बसवून घेऊ. दादा-वहिनींना नमस्कार.

तुझी,
आत्या