लाकूड आत्ता, कोळंबी दिवाळीनंतर

अगं, टाकी आली, काच पुसून झाली, वाळूही धुऊन ठेवलीस, आणि आता मुंबईहून येणाऱ्या नणंदेला कुर्ल्याच्या शोभेच्या माशांच्या बाजारातून लाल चेरी कोळंब्या घेऊन गरीबरथात बसायला सांगणार आहेस म्हणे. तिला आजच फोन कर आणि सांग, इतक्यात नको. येऊ दे तिला, पण कोळंब्या न घेता.

रागावू नकोस. नव्या गावात, नव्या घरात स्वतःचं म्हणून काहीतरी हवं असतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. जबलपूरला मी आले तेव्हा मलाही हवं होतं. पण याच कारणासाठी तुला सांगते, ज्या गोष्टीत जीव गुंतवायचा तिची घाई करू नये. आत्ता श्रावण चालू आहे. आज लाकूड भिजत घाल, गणपतीपर्यंत झाडं लाव आणि कोळंबी दिवाळीनंतर आण. मधल्या काळात टाकीत काहीच नाही असं घरच्यांना वाटेल. वाटू दे. खरं काम तेव्हाच चाललेलं असतं.

ही कोळंबी जगते कशावर, ते आधी समजून घे. दुकानातल्या गोळ्या हे तिचं वरचं खाणं. तिचं रोजचं जेवण म्हणजे पाण्यातल्या प्रत्येक पृष्ठभागावर धरणारा बुळबुळीत थर, म्हणजे जिवाणू, बुरशी, बारीक शेवाळ. दिवसभर ती इवल्या पायांनी तोच खरवडत असते. नव्या काचेवर आणि धुतलेल्या वाळूवर हा थर नसतो. तिथे सोडलेली कोळंबी आठवडाभर बरी दिसते, मग एकेक करून कोपऱ्यात बसते. आणि पिल्लं? ती जन्मतात जेमतेम दोन मिलिमीटरची. अन्न शोधत टाकीभर फिरण्याची त्यांची ताकदच नसते. जिथे आहेत तिथेच थर हवा. मादी वीस-तीस अंडी पोटाखाली तीन-चार आठवडे वागवते. त्यातली किती वाढतील, हे तू आज काय करतेस त्यावर ठरतं.

म्हणून लाकूड. पाण्यात गेल्यावर त्यातून साखर, टॅनिन आणि इतर द्रव्यं हळूहळू सुटतात आणि काही दिवसांतच त्यावर पांढरा, जेलीसारखा कापूस दिसायला लागतो. बायका घाबरतात, ब्रशने घासून काढतात, लाकूडच फेकून देतात. तू तसं करू नकोस. तो कापूस निरुपद्रवी असतो, आपोआप कमी होतो आणि कोळंबीला तो फार आवडतो. पाणी चहाच्या रंगाचं होईल, तेही चालतं. टॅनिनने पाण्याची आम्लता किंचित वाढते, कोळंबीला त्याने त्रास होत नाही. सासऱ्यांना रंग खटकला तर दर आठवड्याला थोडं पाणी बदल, रंग उतरत जातो.

लाकूड कुठलं घ्यायचं, यावर मात्र जरा थांबून बोलते. दुकानातलं ड्रिफ्टवुड महाग वाटत असेल तर तुमच्याच आवारातला पेरू बघ. पेरूचं लाकूड कठीण, चिवट, लवकर न कुजणारं आणि वाकडंतिकडं सुंदर. तुतीची फांदीही चांगली. छाटलेली फांदी काही महिने पूर्ण वाळलेली हवी. मोडली तर कट्कन आवाज यायला हवा, आत ओल किंवा हिरवेपणा नको. साल सोलून काढ. मग स्टीलच्या मोठ्या पातेल्यात तास-दोन तास उकळ आणि बादलीत दगडाखाली दाबून ठेव, रोज पाणी बदल. आपोआप तळाशी बसेल तेव्हा ते तयार झालं. पितळी पातेलं घेऊ नकोस, पितळेत तांबं असतं. त्याबद्दल पुढे सांगते.

सुताराकडचे सागाचे तुकडे फुकट मिळतात म्हणून आणू नकोस. साग वाळवीला दाद देत नाही तो त्याच्या अंगच्या द्रव्यांमुळे, आणि कापलेल्या तुकड्यावर पॉलिश किंवा वाळवीचं औषध असण्याची भीती वेगळीच. चिडाला राळ असते, तोही नको. कडुनिंब तर नकोच, तो कीटकांना मारतो आणि कोळंबी ही कीटकांची जवळची नातेवाईक. कण्हेर विषारी. वड, पिंपळ, रुई अशी चीक येणारी झाडंही दूर ठेव. नर्मदेच्या ग्वारीघाटावर पूर ओसरल्यावर वाहून आलेली लाकडं पडलेली दिसतात, रूपाने देखणी असतात. पण घाटावर साबण असतो, दिव्यांचं तेल असतं, नाणी टाकलेली असतात, आणि लाकूड हे सगळं पिऊन बसतं. जंगलातून लाकूड उचलून आणणं तर वन कायद्यात बसत नाही.

दगडांचंही तसंच. भेडाघाटला गेलीस की संगमरवराचे पांढरे तुकडे घ्यावेसे वाटतील. तो संगमरवर डोलोमाइट जातीचा आहे, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा. पाण्यात तो हळूहळू विरघळतो आणि पाणी जड होत जातं. लोक व्हिनेगरचा थेंब टाकून बघतात, फसफसला नाही म्हणून निर्धास्त होतात. डोलोमाइट अख्खा असताना फारसा फसफसत नाही, त्याची पूड करून थेंब टाकला की बुडबुडे दिसतात. चेरी कोळंबीला थोडं जड पाणी लागतंच, कवच बांधायला कॅल्शियम हवं, म्हणून एक लहान खडा असला तर बिघडत नाही. अख्खी टाकी त्यानेच सजवायची नाही, इतकंच. मदनमहालच्या टेकडीवर जो ग्रॅनाइट आहे त्या जातीचा दगड पाण्यात काही सोडत नाही. बांधकामाच्या ढिगातला असा एखादा तुकडा घासून घे. आणि नर्मदेचा गोटा टाकण्याआधी सासूबाईंना विचार. इथे नर्मदेच्या कंकरात शंकर मानतात. त्यांच्या देवघरातल्या बाणाचा भाऊबंद कोळंबीच्या विष्ठेत पडलेला त्यांना आवडणार नाही, आणि तो त्यांचा हक्क आहे.

आता झाडं. झाडांशिवाय कोळंबीची टाकी मी कुणाला करू देणार नाही. खाल्लेलं-हगलेलं सगळं अमोनिया होतं, अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू स्पंज फिल्टरमध्ये, वाळूत, लाकडावर वस्ती करतात. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. झाडं अमोनिया आणि नायट्रेट दोन्ही शोषून घेतात, म्हणून ती आधी हवीत. शिवाय कात टाकल्यावर कोळंबीचं अंग मऊ असतं, तेव्हा तिला लपायला जागा लागते. टाकलेली कात मेलेली कोळंबी समजून काढू नकोस. कोळंबी ती खाते, त्यातलं कॅल्शियम परत मिळवते.

सुरुवात जावा मॉसने कर. लाकडावर पातळ पसरून साध्या सुती दोऱ्याने बांध. दोरा कुजेपर्यंत मॉस लाकूड धरतो. ॲन्युबियास आणि जावा फर्नही बांधायचेच, त्यांचं आडवं खोड वाळूत पुरलं की कुजतं. मातीत लावायला मला आपली ब्राह्मी आवडते. नर्सरीत मिळते तीच, बारीक जाड पानांची आणि पांढुरक्या-निळसर फुलांची, बॅकोपा. ब्राह्मी म्हणून गोल पानांची मंडूकपर्णीही विकतात, ती नाही. कुंडीतली ब्राह्मी पाण्याखाली गेली की जुनी पानं गळतात, नवी येतात, तेव्हा धीर सोडू नकोस. हायग्रोफिला डिफॉर्मिसही आपल्याच उपखंडातली, भराभर वाढणारी. या साध्या झाडांना ना कार्बन डायऑक्साइडचा गॅस लागतो, ना महागडे दिवे.

पण झाड कुठून आलं ते विचारल्याशिवाय पाण्यात घालू नकोस. जबलपूरला बावन्न तालांचं गाव म्हणतात. राणी दुर्गावतीच्या काळापासूनची नावं अजून वस्त्यांना आहेत, राणीताल, चेरीताल, आधारताल. बरेच बुजले, काही उरलेत. या भागातल्या तलावांत शिंगाडा लावतात. शिंगाड्याच्या पानांवर भुंगेरे पडतात आणि मग फवारणी होते. अशा तलावातली हायड्रिला दिसायला टवटवीत असते, तिच्याबरोबर आलेलं औषध अख्खी वसाहत एका रात्रीत संपवतं. चतुराच्या अळ्या, जळवा, गोगलगायीही तिच्यातून येतात, आणि चतुराची अळी कोळंबी वेचून खाते. नर्सरीचं झाडही मुळं धुऊन, वेगळ्या बादलीत पाणी बदलत दोन-तीन आठवडे ठेव, मगच टाकीत लाव. हे टाळलंस तर पुढचं सगळं व्यर्थ आहे.

तांब्याचं आता सांगते. तुमच्याकडे पिण्याचं पाणी तांब्याच्या हंड्यात असतं. माणसाला बरं म्हणतात, कोळंबीला तांबं अगदी थोडंसुद्धा घातक. टाकीचं पाणी त्या हंड्यातलं नको, माशांच्या दुकानातली बरीच औषधं नकोत, आणि झाडांचं खत घेताना त्यात कॉपर किती आहे ते वाच. दुसरं डासांचं औषध. मच्छरच्या कॉइल, लिक्विड, स्प्रे यांतली द्रव्यं कोळंबीला जीवघेणी असतात आणि एअर पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलतो. ज्या खोलीत टाकी त्या खोलीत मच्छरदाणी लावा. पावसाळ्यात महापालिकेची धुराची गाडी गल्लीत आली की खिडकी लाव, पंप बंद कर, टाकीवर ओलं फडकं टाक, धूर विरला की पंप सुरू कर. कामाला येणाऱ्या मावशींनाही सांगून ठेव. फरशी पुसायच्या औषधाची बाटली टाकीशेजारी कधीच नको.

पाणी कुठलं वापरायचं? नळाला नर्मदेचं येतं, पण तुमच्या बिल्डिंगमध्ये बोअरचंही मिसळत असतील, तेव्हा पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएसचा छोटा मीटर घे, स्वस्त असतो. चेरीला साधारण दीडशे ते अडीचशेच्या मधलं पाणी मानवतं. क्लोरीनचं नळाचं पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवून वापर. आरओच्या मशिनीतून फेकून दिलेलं पाणी टाकीत नको, त्यात क्षार साठलेले असतात. शुद्ध आरओचं पाणी मात्र उन्हाळ्यात उपयोगाचं, कारण वाफ होते ती निव्वळ पाण्याची, क्षार मागे उरतात. उडालेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्याने घाल, नळाच्या नको.

उन्हाळ्याची मला तुझ्यासाठी सगळ्यात जास्त काळजी आहे. मे महिन्यात इथे पारा ४२-४४ ला जातो. कोळंबीला २० ते २६ अंश बरे वाटतात, तिशीच्या वर पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि ती थकते. टाकी पश्चिमेच्या भिंतीला किंवा गच्चीखालच्या खोलीत ठेवू नकोस. पाण्यावरून वाहील असा लहान पंखा लावलास तर पाणी दोन-चार अंशांनी उतरतं, उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत तर नक्कीच. बर्फाचे तुकडे टाकू नकोस, अचानक बदल त्यांना झेपत नाही. लाइट गेली तर बॅटरीवर चालणारा एअर पंप हवा. दिवाळीनंतर आणायला सांगते ते यासाठीही, म्हणजे मेपर्यंत इथे जन्मलेली एक पिढी तयार झालेली असेल.

आणशील तेव्हा पिशवी सरळ उलटी करू नकोस. हवेच्या नळीला सैल गाठ मारून टाकीचं पाणी त्यांच्या भांड्यात थेंब थेंब तासभर पडू दे. पहिल्या खेपेला दहा-पंधरा पुरेत. खायला रोज काही देऊ नकोस. पेरूचं किंवा देशी बदामाचं आपसूक गळलेलं तपकिरी पान, घरच्या अंगणातलं, रस्त्याकडचं नव्हे. महिन्यातून चार-दोनदा शेवग्याचा पाला उकळून. बाजारातल्या पालकावर फवारणी असते, तो नको. आणि नर्मदेतला स्थानिक झिंगा गंमत म्हणून यांच्यात सोडायचा नाही. त्याला नांग्या असतात, तो यांना खातो.

एक गोष्ट राहिली आणि ती मी आग्रहाने सांगणार आहे. झाडं वाढतील, छाटावी लागतील. वर तरंगणारी साल्व्हिनिया तुला कुणीतरी हौसेने देईल. बैतूल जिल्ह्यात सारणीला औष्णिक वीज केंद्राजवळचा सातपुडा जलाशय आहे, तो साल्व्हिनिया मोलेस्टाने असा झाकून गेला होता की पाणी दिसेना, कोळ्यांच्या होड्या चालेनात. तिकडे तिला चायनीज झालर म्हणत. शेवटी आपल्या जबलपूरच्याच तण संशोधन संचालनालयाने, आधारतालजवळ आहे ते, तिथे एक सोंडकिडा सोडला, सिर्टोबॅगस साल्व्हिनी. हा किडा फक्त साल्व्हिनियावर जगतो. त्याने हळूहळू जलाशय मोकळा केला. तेव्हा छाटलेलं काहीही, एक पानसुद्धा, तलावात, नाल्यात किंवा नर्मदेत जाऊ देऊ नकोस. गच्चीवर कडकडीत वाळव आणि कुंडीत घाल. टाकीचं पाणीही तुळशीला नाही तर मोगऱ्याला घाल, त्यातलं नायट्रेट त्यांना खत होतं. जास्तीच्या कोळंब्या कुणाला तरी दे, पाण्यात सोडू नकोस. जर्मनी आणि पोलंडमध्ये याच जातीने उबदार पाण्यात बिऱ्हाड केलंय.

पेरूची फांदी निवडलीस की फोटो पाठव, साल काढण्याआधी. मॉस विकत घेऊ नकोस, माझ्याकडे भरपूर आहे. रविवारी डब्यात घालून आणते, तोवर बादली तयार ठेव.