रोप कातळामागून न्या

सह्याद्रीतल्या सुळक्यांवर हात तयार झालेल्या माणसाला फ्रेंच आल्प्समधल्या शामोनीच्या कॉस्मिक धारेचं वर्णन वाचून ती सोपी वाटते. फ्रेंच श्रेणी 'एडी', म्हणजे बऱ्यापैकी कठीण. सगळ्यात अवघड जागा म्हणजे एक आखूड स्लॅब. साधारण तीन-चार तासांची चढाई, आणि शेवटी लोखंडी शिडीवरून थेट पर्यटकांच्या गच्चीत! हात पुरेसे तयार असतील. तिथे कस लागतो तो दोघांनी मिळून रोप कसा वापरायचा याचा, आणि तो सुळक्यांवर आपण फारसा शिकत नाही.

उंचीचं आधी सांगतो. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. शामोनी गाव १०३५ मीटरवर, आणि रोपवे थोड्याच वेळात, धार जिथे संपते त्या एग्वी द्यु मिदी शिखराच्या ३८४२ मीटरच्या माथ्याजवळ नेऊन सोडतो. डोकं जड होतं, साधी गाठ मारायलाही वेळ लागतो. आधीची एखादी रात्र उंचावरच्या निवाऱ्यात काढा. वरच्या स्टेशनच्या बोगद्यातून बाहेर पडताच अरुंद बर्फाळ धार उतरायची असते आणि डाव्या हाताला उतार थेट शामोनीच्या दिशेने कोसळतो. तिथे डोकं ताळ्यावर हवं.

आता रोप. सुळक्यावर एक चढतो, दुसरा अँकरला बांधून घेऊन बिले देतो. धारेवर प्रत्येक टप्पा असा केला तर संध्याकाळ होते, म्हणून सोप्या भागात दोघं एकाच वेळी चालतात. रोप आखूड करायचा, जास्तीची वेटोळी खांद्यावरून घेऊन गाठीने हार्नेसला पक्की करायची, दोघांत दहा-बारा मीटर ठेवायचे. पण हा रोप नुसताच मधे लोंबत असेल तर एक घसरला की दुसराही त्याच्यामागे जातो. त्याला आधार कातळाचाच लागतो. धारेवर ग्रॅनाइटचे दात वर आलेले असतात. पुढच्याने एका दाताच्या डावीकडून, पुढच्या दाताच्या उजवीकडून जायचं, म्हणजे रोप आपोआप त्यांच्यात गुंफला जातो. दात नसतील तिथे स्लिंग टाकायची किंवा फटीत फ्रेंड बसवायचा. दोघांच्या मधे एक तरी भक्कम आधार कायम हवा.

शामोनीजवळच्या गायांच्या कातळावर आम्ही आदल्या दुपारी याचीच तालीम केली होती. दुसऱ्या दिवशी धारेवर, रॅपल करून उतरल्यानंतरच्या अरुंद भागात माझा मित्र पुढे होता. त्याने भार दिलेला दगड मुळापासून सुटला आणि तो दक्षिणेकडे घसरला. मला कमरेत हिसका बसला, पण हलका. बाकीचा भार आमच्यामधल्या दाताने घेतला होता. दगड आपटत खाली गेला, वर जळका वास पसरला. मित्राचे तळहात सोलले होते, गुडघा फुटला होता. वर आल्यावर त्याने विचारलं, "तू धरलंस?" मी त्या दाताकडे बोट दाखवलं.

तो दगड पक्काच दिसत होता. या उंचीवर कातळाच्या फटींत मुरलेला बर्फ दगडांना जखडून ठेवतो आणि उन्हाळा तापला की ती पकड सैल होते. ऑगस्ट २०१८ मध्ये याच धारेचा एक भाग कोसळला. जवळच्या द्रू शिखरावरचा प्रसिद्ध बोनाती स्तंभ २००५ मध्ये ढासळला. म्हणून हवामानाच्या अंदाजात पाऊस-वादळाइतकंच शून्य अंश तापमानाची पातळी किती उंचावर आहे तेही पाहा. ती सलग काही दिवस शिखरांच्याही वर असेल तर धार सोडून द्या, खालचा एखादा मार्ग घ्या. कोणताही दगड आधी ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर ओढू नका, आणि मागे कोणी असेल तर ओरडून सांगा.

पहिला रोपवे पकडा. रॅपलच्या जागी रांग लागते, आणि मागचा घाई करतो म्हणून रोपाच्या टोकाची गाठ किंवा प्रुसिक टाळू नका. वाऱ्यात हाक पोचत नाही, तेव्हा रोपाच्या हिसक्यांच्या खुणा खालीच ठरवा.

रॅपल करून रोप ओढून घेतला की मागची वाट जवळपास बंद होते. त्याआधी दोघांनी थांबून घड्याळ, ढग आणि एकमेकांचे चेहरे पाहायचे. शेवटचा रोपवे किती वाजता सुटतो ते दोघांनाही पाठ हवं. तिथे एक जण "परत जाऊ" म्हणाला, तर दुसऱ्याने वाद घालायचा नाही. कॉस्मिक निवारा ३६१३ मीटरवर आहे आणि तिथवरची वाट अजून मोकळी आहे. बोलायचं ते तिथे पोचल्यावर.