पाणी घाला म्हणून सांगितलं कोणी?

बोरोनियाचं माझं झुडूप जानेवारीत मेलं. जेमतेम पाच महिने टिकलं. नर्सरीतल्या माणसाने तोंडावर सांगितलं, "तुम्ही पाणी जास्त घातलंत." हे अजून डोक्यातून जात नाही. कारण "माती कोरडी पडू देऊ नका" हे त्यानेच बजावलं होतं, वर कोंबडखताची पिशवीही गळ्यात मारली होती.

ऑगस्टमध्ये आणलं तेव्हा ते फुलांनी लगडलेलं होतं. बाहेरून चॉकलेटी, आतून पिवळी, मान खाली घातलेली इवली इवली फुलं. वास असा की दारात पाय थबकायचे. टास्मानियात अत्तरासाठी याची शेती करतात ती उगीच नाही. नवऱ्याला मात्र काहीच जाणवायचं नाही. या वासातलं बीटा-आयोनोन काही जणांच्या नाकाला जन्मतःच कळत नाही.

डिसेंबरअखेर शेंड्यांनी माना टाकल्या. तहान लागली असेल म्हणून मी सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. पंधरा दिवसांत पानं करपली. नखाने खोड खरवडलं, सालीखाली हिरवं काही उरलं नव्हतं. ओढलं तर अख्खं झुडूप हातात आलं. मुळं काळी, लिबलिबीत. चिमटीत धरली की साल निसटून नुसता दोरा उरायचा. आणि मुळांचा गोळा अजूनही नर्सरीतल्या कुंडीच्याच आकाराचा! गोल गोल गुंडाळलेली मुळं, बाहेरच्या मातीत एकही शिरलेलं नाही. तिथेच मला उमगलं: मला विकलं तेव्हाच ते कुंडीत आवळलं गेलं होतं.

फोटो दाखवले तर नर्सरीवाला म्हणतो, "बोरोनिया तसाही फार जगत नाही." नसेल जगत, नीट राखला तरी चार-पाच वर्षं. पण पाच महिने?

हे झुडूप मूळचं पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य टोकाचं, तिथल्या ओलसर रेताड जमिनीतलं. आमची मेलबर्नच्या पश्चिमेकडची चिकणमाती पावसात चिखल, उन्हात भेगा. तिच्यात पाणी तुंबतं आणि फायटॉफ्थोरासारखे मूळकुजवे फोफावतात. मुळं कुजली की झाडाला पाणी ओढता येत नाही, म्हणून ते तहानलेलं दिसतं. आपण आणखी पाणी घालतो आणि उरलेलंही कुजवतो. म्हणून पानांनी मान टाकली की आधी बोट दोन पेरं मातीत घाला. ओलं लागलं तर झारी खाली ठेवा.

चिकणमातीत लावूच नका. उंच वाफा करा नाहीतर मोठी कुंडी घ्या. माती स्थानिक झाडांसाठी मिळते ती, कमी फॉस्फरसची. म्हणूनच कोंबडखत अजिबात नको. सकाळचं ऊन, दुपारची सावली. मुळं गार राहायला पालापाचोळा पसरा, पण खोडाला टेकवू नका. फुलं संपली की लगेच एक तृतीयांश छाटा. बिनपानांच्या जुन्या लाकडापर्यंत मात्र जाऊ नका, तिथून फूट येत नाही. जिथे एक मेलं तिथे दुसरं लावू नका आणि कुदळ धुऊन ठेवा.

आणि पैसे देण्याआधी रोप कुंडीतून काढून मुळं दाखवा म्हणा. नाही म्हणाले तर तसेच परत फिरा.