झिप बांधण्याआधी

अगं, थ्रीडी कॅरेक्टर घडवायला तू शिकलीस, आता ती विकायला निघाली आहेस, म्हणून आत्याचं थोडं ऐकून ठेव. विकत घेणाऱ्यासमोर तू नसतेस, तुझी झिप फाइल असते. जपानमधला एखादा रात्री ती उघडून बसेल, तेव्हा त्याला शंका विचारायला कोणी नसेल. माल बांधताना त्याचा विचार आधी कर.

सगळ्यांत जास्त घोळ युनिटी पॅकेज काढताना होतो. एक्स्पोर्टच्या खिडकीत ‘इन्क्लूड डिपेन्डन्सीज’वर टिक असते. ती तशीच राहिली तर तुझ्या प्रोजेक्टमधले शेडर आणि स्क्रिप्टही मॉडेलसोबत आत शिरतात. घेणाऱ्याकडे तेच शेडर वेगळ्या आवृत्तीचं असलं की त्याची स्क्रीन लाल एररनी भरते. आणि ते शेडर विकतचं असेल, तर तू दुसऱ्याचा माल परस्पर वाटलास असं होतं. टिक काढ. काय लागेल ते वर्णनात लिही: युनिटी २०२२, लिलटून शेडर, त्याची आवृत्ती. मग रिकाम्या नव्या प्रोजेक्टमध्ये, जमलं तर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर, स्वतः उघडून बघ. अंग गुलाबी दिसलं तर शेडर सापडत नाहीये, पांढरं दिसलं तर टेक्स्चर मागे राहिलंय. ही परीक्षा न घेता काहीही विकायला लावू नकोस.

एफबीएक्स आणि पीएनजीसोबत लेयर असलेली पीएसडीही दे. लोकांना साडीचा, केसांचा रंग बदलायचा असतोच. फाइलींची नावं रोमन अक्षरांत ठेव. देवनागरी नावांचा झिप उघडताना कुठेकुठे चुराडा होतो.

तू नऊवारीतली बाई करते आहेस, तेव्हा नथीकडे नीट बघ. नथ वेगळी मेश म्हणून नाकावर बसवली, की उभ्या पुतळ्यावर ती झकास दिसते. हसण्याचा ब्लेंडशेप लावला की गाल वर येतो आणि नथ त्यात रुतते, कारण चेहऱ्याचं हसू तिच्यापर्यंत पोचतच नाही. नथ चेहऱ्याच्याच मेशमध्ये जोड आणि प्रत्येक शेप कीमध्ये तिला हाताने हलव. व्हीआरचॅट या आभासी गप्पांच्या जगात बोलताना ओठांचे १५ आकार लागतात, ते सगळे तपास. नथ नको असेल त्याच्यासाठी ती लपवणारा एक शेप ठेव. कासोट्याचंही तसंच: पुतळी मांडी घालून बसव, हात वर कर, निऱ्यांतून मांडी बाहेर येते का बघ. साडीखाली न दिसणारं अंग काढून टाकलंस तर अर्धं दुखणं तिथेच संपतं.

त्रिकोणांचा आकडा लपवू नकोस. व्हीआरचॅटमध्ये कॉम्प्युटरवर ७०,००० त्रिकोणांच्या पुढे गेलं की अवतार सगळ्यांत खालच्या दर्जात जातो. क्वेस्ट हेडसेटवर ही हद्द २०,००० आहे आणि तिथे लिलटूनही चालत नाही. क्वेस्टची हलकी प्रत केली नसशील तर वर्णनाच्या पहिल्या ओळीत तसं सांग. फोटोही युनिटीतले किंवा व्हीआरचॅटमधलेच लाव. ब्लेंडरमध्ये सायकल्सने काढलेली चकचकीत रेंडर बघून घेतलेला माणूस घरी माल उघडल्यावर नाराज होणार, आणि ते त्याचं चुकत नाही.

बूथ या जपानी विक्रीच्या साइटवर दुसऱ्याच्या लोकप्रिय अवतारासाठी नुसते कपडे, दागिने विकणारे पुष्कळ आहेत. तू नऊवारी तशी विकलीस तर पॅकेजमध्ये त्या अवताराचं अंग चुकूनही जाऊ देऊ नकोस. ते दुसऱ्या कलाकाराचं आहे. तयार बेस मेश वापरलास तर आधी तिचा परवाना वाच. पुष्कळदा स्वतः वापरायला मुभा असते, पुन्हा विकायला नसते.

स्वतःच्या अटीही साध्या भाषेत लिही: स्ट्रीमिंगवर वापरून पैसे कमवता येतील का, बदल करता येतील का, दुसऱ्याला देता येईल का. व्हीआरएम फॉरमॅटमध्ये या अटी फाइलीतच भरता येतात, ते रकाने कोरे सोडू नकोस.

ऑर्डरवर काम घेतलंस तर रिगिंगच्या आधी चेहरा आणि बांधा दाखवून लेखी होकार घे. हाडं बसल्यावर कुणी ‘खांदे जरा रुंद हवे होते’ म्हटलं, तर वेट पेंटपर्यंत सगळं नव्याने करावं लागतं. आगाऊ रक्कम, किती वेळा बदल करून देणार, आणि तेच मॉडेल तू इतरांना विकू शकतेस की नाही, हे तिन्ही कामाआधी ठरव. तिसऱ्या मुद्द्यावर सगळ्यांत जास्त भांडणं होतात. फक्त आपल्यालाच हवं म्हणणाऱ्याकडून भाव वाढवून घे, त्यात संकोच नको. परदेशातून पैसे आले की बँकेकडून जमा रकमेचा दाखला घेऊन ठेव, सीएला लागतो.

दुरुस्ती केलीस की झिपच्या नावात आवृत्तीचा आकडा वाढव, काय बदललं ते रीडमीत तारखेसह लिही, आणि जुनी झिपही डाउनलोडला राहू दे. कुणीतरी तिच्यावर आपले कपडे बसवलेले असतात.