थंडीत ब्रेकचे पायडल घट्ट का होते?

पौषातल्या पहाटे देवणीला थंडी चांगलीच झोंबते. माणसे शेकोटीपाशी बसतात. पण जीपवाल्याला बसून चालत नाही. कोणाचे दूध उदगीरला पोचवायचे असते, कोणाला दवाखान्यात न्यायचे असते. तो गाडीत बसतो, ब्रेकवर पाय ठेवतो, तर पायडल दगडासारखे लागते. दाबले तरी खाली जात नाही. अशा वेळी गाडी काढावी की काढू नये? हे ड्रायव्हरला तर ठाऊक पाहिजेच. पण मागे बसणाऱ्यांनाही ठाऊक असलेले बरे. जीव सगळ्यांचाच आहे.

बैलगाडी उताराला लागली की बैल मागे रेटून तिचा भार धरतात. आपल्या देवणी बैलाच्या अंगात ती ताकद आहे. मोटारीपुढे बैल नाहीत. दीड-दोन टनांची गाडी, वर माणसे, आणि ती थांबवायची एका माणसाच्या पायाने! म्हणून पायाला एक मदतनीस दिलेला असतो. तो मदतनीस म्हणजे आपल्या भोवतालची हवा.

हवेला काय जोर असणार, असे तुम्ही म्हणाल. एक रिकामा पेला घ्या. तो तोंडाला लावून आतली हवा ओढून घ्या. पेला ओठांना चिकटून बसतो. आतली हवा कमी झाली, म्हणून बाहेरची हवा त्याला दाबून धरते. जर्मनी देशात सतराव्या शतकात ओटो फॉन गेरिके नावाचे एक गृहस्थ होते. ते माग्देबुर्ग शहराचे महापौर होते. त्यांनी तांब्याच्या दोन मोठ्या वाट्या तोंडाला तोंड लावून ठेवल्या आणि आतली हवा पंपाने काढून घेतली. मग दोन्ही बाजूंना आठ-आठ घोडे जुंपले, तरी वाट्या सुटता सुटेनात. त्या काही डिंकाने चिकटवलेल्या नव्हत्या. बाहेरची हवाच त्यांना दाबून होती.

हाच जोर मोटारीत कामाला लावला आहे. बॉनेट उघडून पाहा. ड्रायव्हरच्या समोर, पत्र्याच्या भिंतीला लागून, भाकरीएवढा एक गोल काळा डबा दिसेल. त्याला बूस्टर म्हणतात. डब्याच्या आत मधोमध रबराचा पडदा आहे. एका नळीने डब्यातली हवा सतत ओढून घेतली जाते. तुम्ही पायडल दाबले की पडद्याच्या मागच्या बाजूला बाहेरची हवा शिरते आणि पडदा पुढे रेटते. तो रेटा ब्रेक ऑइलवर पडतो, ऑइल बारीक नळ्यांतून चाकापर्यंत जोर नेते, आणि चाक आवळले जाते.

आता थोडा हिशेब करू. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो असतो. आठ इंची पडदा धरला तर त्याची जागा सुमारे ३०० चौरस सेंटिमीटर भरते. डब्यातली सगळी हवा काही निघत नाही. दोनतृतीयांश निघाली असे धरा. तरी रेटा झाला २०० किलो, म्हणजे दोन क्विंटल! सोयाबीनची दोन मोठी पोती पायाच्या मदतीला आली म्हणा ना.

ही मदत तुटली की पायडल घट्ट लागते. ब्रेक गेलेला नसतो, पण एकट्या पायाला कितीतरी पट जास्त जोर लावावा लागतो आणि गाडी लांबवर जाऊन थांबते.

पण एक गोष्ट आधी ध्यानात घ्या. गाडी रात्रभर उभी असली की डब्यात हळूहळू हवा शिरते. म्हणून सकाळी इंजिन चालू करण्याआधी पायडल घट्ट लागले तर तो रोग नव्हे. इंजिन चालू करून परीक्षा घ्यावी. काही नव्या गाड्या बटण दाबून चालू होतात. त्यांना ब्रेक दाबल्याशिवाय इंजिन चालू होत नाही. थंडीत पायडल घट्ट असते, पाय हलका पडतो, आणि माणूस म्हणतो बॅटरी उतरली. तिथे पायाने पुरता जोर द्यावा.

परीक्षा अशी. गाडी सपाट जागी ठेवा. हँडब्रेक ओढा, गिअर काढा. इंजिन बंद असताना पायडल चार-पाच वेळा दाबा. ते घट्ट झाले की पाय तसाच दाबून ठेवा आणि इंजिन चालू करा. पायडल पायाखाली थोडे खाली बसले, तर मदत पोचते आहे. हलले नाही, तर पोचत नाही. अशी गाडी रस्त्यावर काढू नये. आतले गिऱ्हाईक कितीही घाई करो.

दुसरी परीक्षा. इंजिन दोन मिनिटे चालवून बंद करा. थोडे थांबून पायडल दाबा. पहिले दोन-तीन दाब मऊ लागले पाहिजेत. पहिलाच दाब घट्ट लागला, तर कुठून तरी हवा आत शिरते आहे.

थंडीतच हे जास्त का होते? बूस्टरची नळी बहुधा रबराची असते. रबर जुने झाले की थंडीत कडक होते, क्लिपपाशी बारीक भेग पडते, आणि तिथून हवा शिरते. इंजिन तापले की रबर मऊ होते, भेग मिटते, पायडल सुधारते. म्हणून तर मालकाला वाटते, काही नाही, आपोआप बरे झाले! नळीच्या वाटेवर एक वॉल्व असतो. तो हवा इंजिनाकडे जाऊ देतो, परत येऊ देत नाही. त्यात घाण बसली की तो अडकतो. काश्मीर-लडाखकडे नळीतल्या ओलीचा बर्फही होतो. आपल्याकडे तेवढी थंडी नाही. डिझेल गाडीला हवा ओढण्यासाठी वेगळा पंप लागतो. पुष्कळ गाड्यांत तो डायनमोच्या पाठीशी जोडलेला असतो. थंडीत इंजिनातले ऑइल दाट होते, आणि झिजलेला पंप सकाळी सावकाश ओढतो.

आमच्या ओळखीच्या एका जीपवाल्याने याच दुखण्यासाठी दोनदा पैसे घातले. मिस्त्रीने दोन्ही वेळा ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून दिली. त्या नळ्यांत हवा शिरली तर पायडल स्पंजासारखे मऊ होते, घट्ट होत नाही. शेवटी निघाली काय, तर वीतभर फुटकी रबरी नळी.

ब्रेक ऑइलबद्दलही सांगून टाकतो. नावात ऑइल असले तरी ते इंजिनाचे तेल नव्हे. थंडीत पायडल सुटावे म्हणून कोणी त्यात इंजिन ऑइल किंवा रॉकेल घालतात. त्याने आतली रबरे फुगतात, आणि मग खरोखरच ब्रेक जातो.

याहून वाईट खोड म्हणजे डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडणे. इंजिन बंद झाले की हवा ओढणे थांबते. डब्यात दोन-तीन दाबांपुरती शिदोरी उरते. ती वळणावर संपली, समोरून ऊसाचा ट्रॅक्टर आला, की मग काय? किती थेंब डिझेल वाचले, ते मोजायलाही माणूस राहत नाही.

चालत्या गाडीत पायडल एकाएकी घट्ट झाले तर ते पुन्हा पुन्हा दाबू नका. प्रत्येक दाबाला शिदोरी कमी होते. एकदाच, पुरा जोर लावून, लागले तर दोन्ही पायांनी दाबा आणि धरून ठेवा. इंजिन चालू असेल तर बंद करू नका. खालचा गिअर टाका. हँडब्रेक हळूहळू ओढा.

मिस्त्रीकडे जाताना नुसते “ब्रेक बिघडला” म्हणू नका. आता तुम्हाला लिहिता येते. परीक्षेत जे दिसले तेच कागदावर लिहून न्या. उदाहरणार्थ:

“सकाळी इंजिन थंड असताना पायडल घट्ट लागते. पाय दाबून इंजिन चालू केले, तरी खाली बसत नाही. दहा मिनिटांनी सुधारते. ब्रेक ऑइल भरलेले आहे. बूस्टरची नळी, वॉल्व आणि पंप पाहावा.”